फाटलेला आवाज

आमच्या मिरजेच्या घरात 'फाटलेला आवाज' हे एका रोगाचं नाव होतं. अब्बांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान बाजारातल्या एका बोळात होतं. बोळ इतका अरुंद की समोरून सायकल आली तर गिऱ्हाइकाला दुकानाच्या पायरीवर चढावं लागे. लोक रेडिओ काखोटीला मारून यायचे, टेबलावर ठेवायचे आणि एकच तक्रार सांगायचे, "उस्ताद, आवाज फाटतोय." कुणाचा कंडेन्सर गळत असे, कुणाचा व्हॉल्व्ह म्हातारा झालेला असे, कुणाच्या स्पीकरचा कागद उंदरानं कुरतडलेला असे. अब्बा मागचा पुठ्ठा काढून आत डोकावत. आत पाचसहा व्हॉल्व्ह राखेखालच्या निखाऱ्यासारखे मंद पेटलेले दिसत. ईसीएच ८१, ईबीएफ ८९, ईएल ८४ ही नावं आम्ही पाढ्यांच्या आधी शिकलो. संध्याकाळपर्यंत आवाज स्वच्छ होई आणि गिऱ्हाईक दुवा देत घरी जाई. उरुसाचा भोंगा असो की गणपतीच्या मांडवाचा अँप्लिफायर, अब्बांकडे सगळ्यांवर एकच इलाज होता: आवाजातली फाट काढायची.

आणि त्यांच्याच पोरांनी पुढं पैसे मोजून फाटलेला आवाज घरात आणला, त्याची ही हकीकत.

आम्ही म्हणजे दोघं भाऊ. थोरला नोकरी करतो, धाकटा शिकवण्या घेतो आणि गिटार वाजवतो. हे लिहिलंय एकानं, पण दुसऱ्यानं वाचून, भांडून, खोडून ते पुरं केलंय. म्हणून सगळीकडे 'आम्ही' आहे.

गिटारचं खूळ धाकट्याला पुण्यात कॉलेजात लागलं. साल १९९५. हॉस्टेलमधल्या मित्राच्या टेपवर त्यानं तो आवाज पहिल्यांदा ऐकला. तार छेडली की ती नुसती वाजत नव्हती, घोगऱ्या गळ्यानं गात होती. सूर लांबत होता, कडेला खरखरत होता, विझता विझता पुन्हा पेटत होता. सुट्टीत तो मिरजेला आला आणि थोरल्याला कॅसेट ऐकवली. थोरला म्हणाला, "टेपचं हेड खराब आहे." शेवटी अब्बांचाच मुलगा!

पण टेपचं हेड ठीक होतं. तो आवाज मुद्दाम फाडलेला होता, आणि त्याच्यामागं बराच इतिहास होता. लंडनच्या पश्चिमेला हॅनवेल भागात ड्रम शिकवणारे जिम मार्शल वाद्यांचं दुकान चालवत. १९६२ मध्ये त्यांच्या माणसांनी अमेरिकेतल्या फेंडर कंपनीच्या बासमन अँपचा आराखडा समोर ठेवून आपला अँप बांधला. तो आवाज स्वच्छ मोठा व्हावा म्हणूनच होता. पोरांनी मात्र त्याचं बटण पार टोकापर्यंत फिरवलं, आणि त्या टोकाला त्यांना हवा होता तो आवाज सापडला. १९६४ साली किंक्स या बँडच्या डेव्ह डेव्हिसनं आपल्या छोट्याशा अँपच्या स्पीकरचा कागद ब्लेडनं चिरला, आणि तो चिरलेला आवाज सगळ्या जगानं ऐकला. उंदरानं कुरतडलेला कागद बदलायला आमच्या अब्बांकडे यायचा. इथं माणसानंच तो कापला होता. १९६६ मध्ये एरिक क्लॅप्टननं जॉन मेयॉलबरोबरच्या रेकॉर्डसाठी स्टुडिओतसुद्धा आपला मार्शल स्टेजवर वाजवावा तितका मोठा ठेवला. तेव्हापासून या आवाजाचं आणि मोठेपणाचं लग्न लागलं ते लागलंच.

हे लग्न का लागतं, ते थोडं सांगायला हवं. व्हॉल्व्हला एक मर्यादा असते. तिच्या आत तो सुराची लाट जशीच्या तशी मोठी करून देतो. लाट मर्यादेपलीकडं गेली की तिचा माथा चेपला जातो. चेपलेल्या माथ्यातून मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे नवे सूर उठतात. तीच ती खरखर, तीच ती भरीव रग. ट्रान्झिस्टरमध्ये माथा कापल्यासारखा सपाट होतो, म्हणून कानाला टोचतो. व्हॉल्व्हमध्ये तो हळूहळू दबतो. हाताखाली थोडं दबलं तर गोड, जास्त दबलं तर घोगरं. सगळी गंमत त्या हातात असते. आणि ही दाबादाबी नुसती पहिल्या छोट्या व्हॉल्व्हमध्ये होत नाही. स्पीकरला ताकद पुरवणारा शेवटचा व्हॉल्व्ह आणि त्याच्यामागचा ट्रान्सफॉर्मर यांनाही दम लागावा लागतो. त्यांना दम लागेपर्यंत खोली हादरलेली असते. अडचण इथंच आहे.

ही अडचण आमच्या घरात कशी आली, ते सांगायचं तर आधी घराबद्दल सांगावं लागेल. २००८ साली आम्ही पुण्यात फ्लॅट शोधत होतो. फोनवर सगळं ठरायचं आणि आमचं नाव सांगितलं की फ्लॅट 'कालच गेलेला' असायचा. असं पाच ठिकाणी झालं. सहाव्या ठिकाणी मालक भला माणूस निघाला. त्या तीन मजली इमारतीत आमचं एकच घर मुसलमानांचं होतं. कुणी आम्हांला काही बोललं नाही, पण आम्ही आपोआप हलक्या पावलांनी वावरायला शिकलो. जिन्यात फोन आला तर सलाम हळू आवाजात घ्यायचा. बकरी ईदला मटण मिरजेहून शिजवूनच आणायचं. पोरांनी वर पळायचं नाही. आमच्याकडं बोट दाखवायला कुणाला निमित्त मिळू नये, एवढंच. हे वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना अशा घरांची ओळख असेल. जास्त सांगत नाही.

अशा घरात २०११ साली धाकट्यानं व्हॉल्व्हचा अँप आणला. शिक्षण संपवून गावी परतणाऱ्या एका मुलाकडून जुना घेतला. फक्त पाच वॅटचा, आत एक छोटा व्हॉल्व्ह आणि ताकदीचा एकच ईएल ८४. आम्ही मनात म्हटलं, पाच वॅट म्हणजे आपल्या झिरोच्या बल्बपेक्षाही कमी. त्याचा काय आवाज होणार?

हा आमचा अडाणीपणा होता. गिटारचा चांगला स्पीकर एका वॅटला एक मीटरवर सत्त्याण्णव डेसिबलच्या आसपास आवाज देतो. पाच वॅटला तो १०४ पर्यंत जातो. माणसाचं बोलणं असतं साठाच्या घरात. आणि कानाचा हिशेब साध्या गणिताचा नाही. ताकद दहापट कमी केली की कानाला आवाज कुठं निम्मा झाल्यासारखा वाटतो. म्हणजे पन्नास वॅटच्या अँपपेक्षा पाच वॅटचा अँप निम्माच लहान वाटतो. बोलण्याच्या पातळीवर यायचं तर वॅटचा पाचहजारावा भाग पुरे! सरकारच्या २००० सालच्या नियमांप्रमाणं राहत्या वस्तीत दिवसा पंचावन्न आणि रात्री दहानंतर पंचेचाळीस डेसिबल ही मर्यादा आहे. आमचा झिरोचा बल्ब तिच्या कितीतरी वर पेटत होता.

पहिल्या रविवारी धाकट्यानं बटण टोकाला नेलं. अर्ध्या तासानं दाराची बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या काकू होत्या. त्यांच्या यजमानांना पक्षाघात होऊन वर्ष झालेलं, ते अंथरुणावरच असत. काकू भांडायला आल्या नव्हत्या. दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "बाळा, तुझं वाजवणं चांगलंच असेल. पण हे दचकतात रे. उजवा हात थरथरायला लागतो." आम्ही दोघंही खाली मान घालून उभे होतो. काकूंच्या बोलण्यापेक्षा त्यांच्या आवाजातली भीड आम्हांला जास्त लागली. सोसायटीचं पत्र दोन दिवसांनी आलं. ते कुणाच्या सांगण्यावरून आलं ते आम्ही शोधलं नाही. आमच्या दीनात शेजाऱ्याचा हक्क किती मोठा सांगितलाय, ते लहानपणापासून ऐकत आलो होतो. इथं तर शेजारी आजारी होता.

मग आम्ही आवाज कमी केला आणि आवाज मेला. दुसरं काय होणार? या छोट्या अँपला बटण एकच; ते उतरवलं की लाट मर्यादेपर्यंत पोचतच नाही. नुसता पातळ, स्वच्छ, बेचव टणटणाट. धाकट्यानं पायाखालची पेडल आणून पाहिली. पेडल लाटेला आधीच चेपून पाठवतं, काम थोडं झालं, पण ताकदीचा व्हॉल्व्ह झोपलेलाच राहिला. हेडफोनची डिजिटल डबी आणली. त्या काळी त्या डब्यांचा आवाज आम्हांला प्लास्टिकच्या फुलासारखा वाटायचा. आता त्या पुष्कळ सुधारल्या आहेत. शेवटी अँपवर अम्मीची जुनी ओढणी पडली आणि त्याच्यावर वर्तमानपत्रं साठू लागली. धाकटा गप्प झाला. थोरला म्हणे, "बरं झालं, भानगड नको." पण त्यालाही ते बरं वाटत नव्हतं. आवाज कमी करणं वेगळं आणि मारणं वेगळं, हे आम्हांला कळत होतं, करायचं काय ते कळत नव्हतं.

२०१२ मध्ये अम्मी गेली. अब्बांना आम्ही पुण्याला आणलं. दुकान केव्हाच बंद झालं होतं, पण हत्यारांची पेटी ते बरोबर घेऊन आले. एक दिवस ओढणी बाजूला करून त्यांनी अँपच्या मागं डोकावलं. "अरे, ये तो ईएल चौऱ्याऐंशी है!" अब्बा उर्दू बोलता बोलता आकडे मराठीत सांगायचे. किती दिवसांनी त्यांचा चेहरा उजळलेला पाहिला आम्ही. त्यांनी अँप चालू करायला लावला. धाकट्यानं भीत भीत चार सूर वाजवले. अब्बांच्या कपाळावर आठी पडली. "फट रहा है. खोलो इसको."

अब्बांनी अँप खोलला. आधी वीज काढली, मग एका रेझिस्टरनं मोठे कंडेन्सर रिकामे केले, कारण अशा अँपच्या आत तीनशे व्होल्टच्या आसपास वीज असते आणि पिन काढल्यावरही ती कंडेन्सरमध्ये दबा धरून बसते. पुन्हा चालू करून मीटर लावताना त्यांनी डावा हात खिशात घातला. एका हातानं काम करायचं, म्हणजे झटका बसलाच तर छातीतून आरपार जात नाही. ही त्यांची जुनी शिस्त. सगळं मोजून झाल्यावर चष्मा कपाळावर चढवून ते म्हणाले, "सब बराबर है. फिर फटता क्यों है?"

धाकटा म्हणाला, "अब्बा, वो फटनाच होना हमको."

अब्बा काही बोलले नाहीत. हत्यारं पुसून पेटीत ठेवली आणि मगरिबच्या नमाजला उठले. त्या रात्री ते नीट जेवलेही नाहीत. आमच्या नातलगांत गिटारला नाकं मुरडणारे होते, पण अब्बांचा आक्षेप तो नव्हता. आम्ही मिरजेचे. खाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारातच अब्दुल करीम खाँसाहेब विसावले आहेत आणि त्यांच्या आठवणीत उरुसाला तिथं गाणं होतं. सुरांशी अब्बांचं वैर नव्हतंच. त्यांचं दुःख साधं होतं. चाळीस वर्षं ज्याला रोग म्हणून बरं केलं, त्याला पोरं दागिना म्हणत होती. मग त्यांचं आयुष्य कशात गेलं?

हा गुंता सोडवला मामूंनी. मामू सतारमेकर गल्लीतले, तंबोऱ्याच्या जवारीचे कारागीर. मिरजेत हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी तंतुवाद्यं बनवायला घेतली आणि मिरजेच्या सतारीला, तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. तर मामू एका गवयाचा तंबोरा पोचवायला पुण्याला आले होते. रात्री जेवणं झाल्यावर अब्बांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं, "सुनो जरा, तुम्हारे भांजे क्या लाए." काका-काकू त्या आठवड्यात लेकीकडं गेलेल्या, शिवाय वेळ दहाच्या आतली होती. धाकट्यानं पाच मिनिटांसाठी बटण वर नेलं आणि एकच खालचा सूर लावून सोडला.

मामूंनी डोळे मिटले. सूर विझेपर्यंत बोलले नाहीत. मग म्हणाले, "भाईजान, ये फटा नहीं. ये तो जवारी है."

मग त्यांनी खोलीतला तंबोरा गवसणीतून काढला. घोडीवर तारेखाली सुती दोरा असतो. तो काढून तार छेडली. टण्ण करून कोरडा आवाज आला. दोरा सरकवून जागेवर आणला आणि तीच तार छेडली. तार घोडीच्या पाठीला हलकेच घासत गेली आणि एका सुरातून सुरांचं पुंजकं उठलं, मधमाश्यांच्या पोळ्यासारखं. "मैं जिंदगीभर यही घिसता आया," मामू म्हणाले. "साफ तार में जान नहीं होती. तार को थोडा अटकाना पडता है." अब्बा बघत राहिले. चाळीस वर्षं एकमेकांच्या घरी जाऊन-येऊन असलेली ही दोन माणसं; एक खरखर काढणारा आणि दुसरा खरखर घालणारा. एवढ्या वर्षांत हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

मामू आणखी एक म्हणाले, आणि आमच्या मते सगळ्या हकीकतीतलं तेच मोलाचं. "लेकिन देखो, तंबोरा बाजू के कमरे में सुनाई नहीं देता, और उसमें कुछ कम भी नहीं लगता. तुम्हारी जवारी खुली है, पर कमरे में समाती नहीं."

"समाएगी," अब्बा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी अब्बांनी कागद-पेन्सिल मागितली. दुकानात मोठे अँप तपासताना ते स्पीकर काढून त्याच्या जागी जाडजूड रेझिस्टर लावत; नाहीतर बोळातल्या लोकांनी दुकान बंद पाडलं असतं. अँपला वाटे की आपण स्पीकरच ओढतोय. तो पुरा घामाघूम होई आणि बाहेर चकार शब्द नाही. हीच युक्ती अर्धी वापरायची, असं अब्बांनी ठरवलं. ताकदीचा मोठा हिस्सा रेझिस्टरला आणि उरलेला चिमूटभर स्पीकरला. व्हॉल्व्हला दम लागतो, खोलीला नाही. पुढं आम्ही वाचलं की बोस्टन या बँडचे टॉम शोल्झ, जे शिक्षणानं इंजिनियर आणि पोलरॉइड कंपनीत नोकरीला होते, त्यांनी आपल्या घराच्या तळघरात रेकॉर्डिंग करता करता याच कल्पनेवर यंत्र केलं आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला 'पॉवर सोक' नावानं ते बाजारात आणलं. अब्बांना शोल्झ माहीत नव्हते. त्यांना मिरजेचा बोळ माहीत होता.

हिशेब असा होता. स्पीकर आठ ओहमचा. ५.६ ओहमचा रेझिस्टर स्पीकरच्या वाटेत आणि ३.९ ओहमचा स्पीकरला समांतर. अँपला बोजा आठ ओहमच्या जवळच दिसतो आणि स्पीकरकडं दहावा हिस्सा ताकद पोचते; म्हणजे दहा डेसिबल कमी. अशीच दुसरी जोडी पुढं लावली की वीस, तिसरी लावली की तीस. तीस डेसिबल खाली आलं की पाच वॅटचे पाच हजारांश वॅट होतात, आणि १०४ चे चौऱ्याहत्तर. पहिल्या जोडीतला एकच रेझिस्टर सुमारे साडेतीन वॅट खातो आणि पेटलेला अँप आपल्या नेमाच्या वॅटांपेक्षा जास्तही ओततो, म्हणून अब्बांनी सगळे पंचवीस वॅटचे, ॲल्युमिनियमच्या कवचाचे घेतले आणि जुन्या अँपच्या सांगाड्यावर आवळले. वर जाळी ठेवली, हवा खेळायला. एक दणकट फिरतं बटण बसवलं. त्याच्या तीन जागांवर त्यांनी आपल्या सुबक हातानं लिहिलं: दिन, मगरिब, रात.

दोन गोष्टी आम्हांला बजावल्या. बटण फिरवायचं तर आधी अँप बंद. आणि स्पीकर किंवा पेटी न जोडता अँप कधीही चालू करायचा नाही. बोजा नसला तर व्हॉल्व्हच्या अँपचा ट्रान्सफॉर्मर जळतो. "बोझ हटा तो मरता है ये," अब्बा म्हणाले. ते व्हॉल्व्हबद्दलच बोलत होते, पण अम्मी गेल्यानंतरचे ते दिवस होते, म्हणून आम्हांला ते वाक्य विसरता आलं नाही.

पहिल्या चाचणीला अब्बा खोलीत थांबले नाहीत. "मैं नीचे जाता," म्हणाले आणि टोपी घालून सरळ काकूंच्या दारात गेले. इतक्या वर्षांत आमच्यापैकी कुणीही त्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. जिन्यात हसून नमस्कार, एवढंच. आम्ही 'रात'वर बटण ठेवून वाजवत होतो आणि अब्बा काकांच्या खाटेशी बसून ऐकत होते. वीस मिनिटं झाली, तीस झाली, अब्बा येईनात. आमचा जीव टांगणीला. तासाभरानं ते आले. "आवाज नहीं आता," म्हणाले. "पण जाड तार मारली की जमिनीतून धम् धम् येतं. ते सांभाळा." मराठीतून बोलत होते, खालच्या मजल्यावरून ती जिभेवर घेऊनच आले होते. मग सांगितलं की काकांकडं माळ्यावर जुना व्हॉल्व्हचा रेडिओ आहे, काकूंनी चहा दिला, आणि तो रेडिओ दुरुस्तीला घेऊ असं ठरलंय.

धमधम जमिनीतून जात होती. हवेतला आवाज भिंत अडवते, पण अँप फरशीवर ठेवला की खालचा सूर स्लॅबमध्ये उतरतो. आम्ही अँप उचलून खुर्चीवर ठेवला, खाली दुपदरी सतरंजी आणि तिच्याखाली जुन्या गादीचा तुकडा. एका फटक्यात दोन कामं झाली: खालची धमधम गेली आणि स्पीकर कानासमोर आला. पूर्वी तो पोटऱ्यांना गाणं ऐकवत होता, म्हणून आम्ही उगाच बटण वाढवत होतो.

तरीही खरं सांगायला हवं. 'रात'वरचा आवाज आणि मोकळा आवाज एक नाही. आधी तो घोंगडीखालून आल्यासारखा वाटला. त्याचं एक कारण अब्बांनी धरलं. खरा स्पीकर सगळ्या सुरांना आठ ओहम राहत नाही. खालच्या एका सुराला आणि वरच्या सुरांना त्याचा रोध वाढतो आणि व्हॉल्व्ह त्याला झोंबून उत्तर देतो. रेझिस्टर सगळ्यांना सारखाच. अब्बांनी एक कंडेन्सर टाकून वरच्या सुरांना थोडी वाट करून दिली. दुसरं कारण आपल्या कानातच आहे. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९३३ मध्ये दाखवलं की आवाज लहान झाला की कानाला खालचे आणि वरचे सूर मधल्यांपेक्षा जास्त कमी ऐकू येतात. म्हणून लहान आवाजात जाडी आणि चमक थोडी वाढवून घ्यावी लागते. तिसऱ्या कारणाला इलाज नाही. मोठ्या आवाजात हवा परत येऊन गिटारच्या तारांना हलवते, सूर स्वतःच स्वतःला जागवतो. पेटी लावली की ते होत नाही. धाकटा महिन्यातून एकदा तालमीची खोली भाड्यानं घेऊन तिथं मोकळा वाजवून येतो. मोठ्या आवाजाची जागा असते, आणि ती असावीही. पण माणूस राहतो घरात. रोजच्या रियाजाला घरात मावणारा आवाज लागतो आणि तो खोटा असून चालत नाही.

अब्बा २०१८ मध्ये गेले. मयतीला काका येऊ शकले नाहीत. काकू आल्या आणि बायकांत जाऊन बसल्या. त्यांच्या घरातला तो रेडिओ अजून चालतो.

आता थोरल्याचा मुलगाही वाजवतो. तो अँपच लावत नाही. कॉम्प्युटरमध्ये अँपची नक्कल असते, स्पीकरचा आणि माइकचा साचाही आकड्यांत उतरवलेला असतो. हेडफोन चढवला की झालं. नक्कल इतकी पुढं गेली आहे की डोळे मिटून ऐकवलं तर आम्ही दोघंही बऱ्याचदा चुकतो. स्पीकरसारखं वागणारे तयार बोजेही बाजारात मिळतात, अब्बांच्या पेटीपेक्षा कितीतरी शहाणे. आम्ही त्यांना नावं ठेवत नाही. ज्याच्या घरात तान्हं मूल आहे किंवा आजारी माणूस आहे, त्यानं जे परवडेल ते वापरावं आणि वाजवणं सोडू नये.

परवा मुलानं विचारलं, "चाचा, ही पेटी कशाला ठेवलीये अजून?" रात्रीचे साडेनऊ झाले होते. धाकट्यानं उत्तर दिलं नाही. अँप चालू केला, व्हॉल्व्ह तापेपर्यंत थांबला, आणि अर्धा तास मन लावून वाजवलं. अँपचं बटण टोकाला होतं. शेजारच्या खोलीत मुलाची आई फोनवर बोलत होती, तिला आवाज वाढवावा लागला नाही. दहाच्या ठोक्याला त्यानं अँप बंद केला आणि मुलाचा हात धरून पेटीच्या जाळीवर ठेवला. जाळी चांगलीच ऊन होती. जो आवाज बाहेर गेला नव्हता, तो सगळा तिथं होता.

मुलानं हात काढला नाही. बोटानं 'रात' या अक्षरांवरून रेघ ओढत विचारलं, "हे दादांचं अक्षर ना?"

"हो," आम्ही म्हणालो.